रिपोर्टमधली एक ओळ आणि हातातून निसटणारे आठवडे : पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचं यवतमाळात काय होतं?

समजा, झरी-जामणी तालुक्यातल्या एका पोडावरची तेवीस वर्षांची बाई आहे. पहिलंच लेकरू. कापसाची वेचणी चालू होती म्हणून पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी राहिली. वेचणी उरकल्यावर नवरा-बायको तालुक्याच्या गावाला जाऊन सोनोग्राफी करून येतात. डॉक्टर रिपोर्ट हातात देताना म्हणतात, "बाळाच्या मेंदूच्या मधल्या भागात जरा वेगळं दिसतंय, एकदा वर दाखवून घ्या."

वर म्हणजे कुठं? यवतमाळला, चंद्रपूरला की नागपूरला? आणि वेगळं म्हणजे काय? रिपोर्ट सगळा इंग्रजीत. एसटीतून उतरून घरी पोचेपर्यंत त्या एका ओळीच्या तीन गोष्टी झालेल्या असतात. सासू म्हणते, ग्रहणात बाहेर निघाली होती. शेजारची म्हणते, माझ्या भाचीलाही असंच सांगितलं होतं, पोरगं ठणठणीत झालं, डॉक्टर पैसे उकळतात. दीर मोबाइलवर शोधून सांगतो की असं लेकरू जगत नाही, पाडून टाका.

ही बाई काल्पनिक आहे. पण ज्यांच्या घरात असा रिपोर्ट आला आहे त्यांना यातलं काहीच काल्पनिक वाटणार नाही. त्या तिघांचंही बोलणं चुकीचं असू शकतं, आणि खरं काय ते कळेपर्यंत आठवडे संपत जातात. आजचा विषय आहे या आठवड्यांचा. आजार आपल्या हातात नाही, आठवडे बऱ्याच अंशी आहेत.

आधी हे किती जणांचं दुखणं आहे ते पाहू. मेंदूच्या मधल्या भागातला जो दोष सर्वात जास्त सापडतो, तो साधारण चार हजार जन्मांमागे एकाला असतो असा अंदाज धरला जातो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. राज्यात हजारी पंधराच्या आसपास जन्म होतात. त्या हिशेबानं जिल्ह्यात वर्षाला चाळीसेक हजार लेकरं जन्मतात, आणि त्यात दहाएक लेकरं या एका दोषाची निघतील. हा ढोबळ हिशेब आहे, कोणाचं सरकारी आकडेपत्रक नाही. पण सोळा तालुक्यांत वर्षाला दहा घरं म्हणजे हे कुठंतरी मुंबई-पुण्यातलं दुखणं नाही, एवढं नक्की. मधल्या भागातले बाकीचे दोष धरले तर घरं आणखी वाढतात.

पूल कशाचा?

आपल्या मेंदूचे दोन भाग असतात, उजवा आणि डावा. त्या दोघांना जोडणारा एक जाड पट्टा मधोमध असतो. त्यात वीस कोटींच्या आसपास तंतू असतात आणि त्यांच्यावरून दोन्ही बाजूंचे निरोप इकडून तिकडं जातात. डॉक्टर त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. आपण पूल म्हणू.

उमरखेडकरांना हे लवकर समजेल. पैनगंगेवरचा पूल नसता तर विदर्भातलं गाव विदर्भात आणि मराठवाड्यातलं मराठवाड्यात राहिलंच असतं. दोन्ही काठांवरची माणसं जगली असती, पण वळसा घालून. काही बाळांच्या मेंदूत हा पूल तयारच होत नाही, काहींच्यात अर्धाच होतो. बाकी मेंदू नीट असेल तर तो वळसा घालायला शिकतो.

आता वाचकांना नवल वाटेल अशी गोष्ट. अमेरिकेत किम पीक नावाचा माणूस होऊन गेला, जन्म १९५१, मृत्यू २००९. 'रेन मॅन' या गाजलेल्या सिनेमातलं पात्र त्याच्यावरून सुचलं. त्याच्या मेंदूत हा पूल नव्हता. हजारो पुस्तकं त्याला तोंडपाठ होती, पण स्वतःच्या शर्टाची बटणं लावायला त्याला जड जायचं. तो अगदीच विरळा माणूस, त्यामुळं 'आपलंही लेकरू तसंच हुशार होईल' असा अर्थ कोणी काढू नये. सांगायचं एवढंच, की 'पूल नाही' या दोन शब्दांवरून लेकराचं भविष्य कोणालाही सांगता येत नाही.

मग कशावरून सांगता येतं? पूल नाही, आणि त्याशिवाय दुसरं काही बिघडलेलं आहे का, यावरून. हृदय, मूत्रपिंडं, चेहरा, मेंदूचा मागचा भाग, गुणसूत्रं, सगळं नीट असून फक्त पूल नसेल, तर आजवरच्या अभ्यासांत साधारण दहापैकी सात मुलांची वाढ बऱ्यापैकी नेहमीसारखी झालेली दिसते. उरलेल्या तिघांत कोणाला शिकायला थोडा वेळ लागतो, कोणाला फिट येतात, कोणाला आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागतो. आणि पुलाबरोबर इतरही दोष असतील तर चित्र बरंच वाईट होतं. म्हणजे एकच ओळ, पण एका घरात ती आशेची आणि दुसऱ्या घरात निरोपाची. हा फरक पहिल्या सोनोग्राफीत कळत नाही. त्यासाठी दुसऱ्यांदा, नीट, जाणकार हातानं पाहावं लागतं.

याच मधल्या भागातला दुसरा दोष मात्र फार गंभीर. हरभऱ्याच्या दाण्याच्या दोन डाळी असतात तसा गर्भाचा पुढचा मेंदू अगदी सुरुवातीला, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, दोन भागांत विभागला जातो. काही गर्भांत ही विभागणी होतच नाही किंवा अर्धवट होते. डॉक्टरी नाव होलोप्रोसेनसेफली. नाव विसरलात तरी चालेल. यातला सगळ्यात वाईट प्रकार असलेली बाळं बहुतेक वेळा पोटातच किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत जातात. सौम्य प्रकारातली जगतात, पण अडचणी राहतात. चांगली गोष्ट एवढीच की वाईट प्रकार अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीतच दिसू शकतो. बाईला चौथा महिना लागण्याच्या सुमारास.

म्हणून 'मेंदूत मधे काहीतरी' असं ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: यातलं नेमकं कोणतं?

डॉक्टरला पडद्यावर काय दिसतं

पुष्कळांना वाटतं की मशीनमध्ये फोटोसारखं सगळं स्वच्छ दिसतं. तसं नसतं. हा पूल नेहमीच्या आडव्या चित्रात थेट दिसतच नाही. डॉक्टर खुणांवरून अंदाज बांधतात. पुलाच्या पुढच्या भागाखाली पाण्यानं भरलेली एक लहानशी पेटीसारखी पोकळी असते. रिपोर्टमध्ये तिला 'सीएसपी' असं लिहितात. ती दिसली तर डॉक्टरचा जीव भांड्यात पडतो, नाही दिसली तर शंका येते. दुसरी खूण मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांची. त्यांची रुंदी दहा मिलिमीटरच्या आत असावी लागते. पूल नसला की त्या मागच्या बाजूला फुगतात आणि पाण्याच्या थेंबासारख्या दिसतात. अशी शंका आली की मग बाळाच्या डोक्याचं उभं चित्र घ्यावं लागतं. बाळ कसं वळलंय, आईचं पोट किती जाड आहे, मशीन कसं आहे, करणाऱ्याचा हात किती बसलेला आहे, यावर सगळं अवलंबून. पूल अर्धा असेल तर भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो.

यात आणखी एक मेख आहे. पूल पूर्ण बांधून व्हायला अठरा-वीस आठवडे लागतात. त्यामुळं सोळाव्या आठवड्यात कोणी 'पूल नाही' म्हणालं तर तो निकाल नव्हे, तेव्हा बांधकामच चालू असतं. आणि तिसाव्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं तर विचार करायला वेळ उरत नाही. अठरा ते वीस आठवडे, फार तर बावीस, ही ती खिडकी. 'अ‍ॅनोमली स्कॅन', 'टिफा', 'लेव्हल टू', 'पाचव्या महिन्याची सोनोग्राफी' ही सगळी याच तपासणीची नावं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१६ मध्ये प्रत्येक गरोदर बाईची चोवीस आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी व्हावी असं सांगितलं आहे.

महिने आपले आणि आठवडे डॉक्टरचे

इथंच आपल्याकडं घोळ होतो. घरातली बाई महिने मोजते पाळी चुकल्यापासून. डॉक्टर आठवडे मोजतो शेवटची पाळी आली त्या पहिल्या दिवसापासून. दोन्हींत चार आठवड्यांचा फरक पडतो. "पाचवा सरलाय" असं बाई सांगते तेव्हा डॉक्टरच्या कागदावर कधीकधी चोविसावा-पंचविसावा आठवडा असतो. त्यात शेवटच्या पाळीची तारीख बहुतेकींना आठवत नाही. 'पोळ्याच्या आधी', 'गौरी उठल्या त्या दिवशी' असं सांगितलं जातं. खरं तर ते वाईट नाही, सणावरून तारीख काढता येते. आशाताईला तो सण सांगा, ती कॅलेंडर उघडून काढते.

एक हिशेब करून पाहा. शेवटची पाळी १ जुलैला आली असेल, तर अठरा ते वीस आठवडे येतात ४ ते १८ नोव्हेंबरला. आणि चोवीस आठवडे पूर्ण होतात १६ डिसेंबरला. म्हणजे सोनोग्राफीची खिडकी उघडते ती नेमकी दिवाळीच्या आसपास, पहिल्या वेचणीच्या गर्दीत, आणि 'वेचणी झाल्यावर जाऊ' म्हणेपर्यंत बंद झालेली असते. शेतमजूर बाईला एक दिवस दवाखान्यात घालवायचा म्हणजे मजुरी गेली, सोबत नवरा असेल तर दोन मजुऱ्या गेल्या, वरून एसटीचं भाडं. 'लोकांना अक्कल नाही' असं म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

यावर उपाय म्हणजे पहिली सोनोग्राफी लवकर करणं. आठ ते बारा आठवड्यांच्या मधे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाचं वय पाच-सात दिवसांच्या फरकानं बरोबर निघतं. शेवटच्या तीन महिन्यांत तोच अंदाज दोन-तीन आठवडेसुद्धा चुकतो. ती पहिली तारीख कार्डावर पक्की झाली की पुढचं सगळं तिच्यावरून ठरतं. मातृवंदना योजनेच्या पैशाचा फॉर्म भरायला आपण नोंदणी करतो, त्याच वेळी हे काम झालं तर वेगळी चक्कर पडत नाही.

भीती दोन्ही बाजूंनी

आपल्याकडं सोनोग्राफी म्हटलं की लोकांच्या मनात पहिला प्रश्न येतो 'मुलगा की मुलगी'. त्याला कारणही तसंच आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, मग १९९४ मध्ये केंद्राचा आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तो असायलाच हवा, त्यात दोन मतं नाहीत. पण त्याच कायद्यात गर्भातले दोष शोधण्यासाठी तपासणी करायला स्पष्ट परवानगी आहे, हे गावात फारसं कोणी सांगत नाही. लिंग सांगणं गुन्हा आहे. बाळाच्या मेंदूत काय आहे हे विचारणं आणि सांगणं गुन्हा नाही. तुम्ही विचारा, तो तुमचा हक्क आहे.

काही डॉक्टरही या भीतीपोटी हात आखडता घेतात. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर दोष सापडला की 'आमच्याकडं नको, कागदपत्रांची भानगड आहे' म्हणून वाटेला लावतात. कागदपत्रं असतात हे खरं. पण भानगड आणि कायदा यांत फरक आहे, आणि या बाबतीत कायदा बाईच्या बाजूनं बराच पुढं आला आहे.

कोर्टात जावं लागतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त गोंधळाचा आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

२००८ मध्ये मुंबईतलं एक दाम्पत्य त्यांचे डॉक्टर निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात गेलं. गर्भाच्या हृदयात दोष निघाला होता, पण तेव्हाची वीस आठवड्यांची मर्यादा ओलांडलेली. कोर्टानं परवानगी नाकारली. देशभर चर्चा झाली, कायदा मात्र तसाच राहिला. पुढं एकेक बाई कोर्टाची पायरी चढत राहिली. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्याच एका महिलेला चोविसाव्या आठवड्यात परवानगी दिली, तिच्या बाळाच्या डोक्याची कवटी आणि मेंदूचा मोठा भागच तयार झाला नव्हता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, मेंदूच्या मागच्या भागाचा दोष असलेल्या गर्भाच्या बाबतीत त्याच न्यायालयानं सत्ताविसाव्या आठवड्यात परवानगी नाकारली. डॉक्टरांच्या मंडळानं बाळ जिवंत जन्मू शकतं असं सांगितलं होतं.

मग २०२१ मध्ये कायदा बदलला. २४ सप्टेंबर २०२१ पासून तो लागू आहे. आता वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत, गर्भात गंभीर दोष असेल तर, दोन डॉक्टरांचं मत लागतं. आणि चोवीसच्या पुढं गेलं तरी दार बंद होत नाही. गर्भात मोठा दोष आहे असं सरकारी मेडिकल बोर्डानं ठरवलं तर आठवड्यांची मर्यादाच लागू होत नाही. या बोर्डात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीचे तज्ज्ञ असतात. नियम असा की अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत बोर्डानं मत द्यायचं, आणि मंजुरी दिली तर पाच दिवसांच्या आत काम झालं पाहिजे.

तरीही चोवीस आठवडे म्हटलं की 'कोर्टाची ऑर्डर आणा' असं सांगण्याची सवय दवाखान्यांना जडलेली आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं असंच प्रकरण आलं आणि त्यानंतर राज्याच्या आरोग्य खात्याला अशा प्रकरणांची कार्यपद्धती ठरवावी लागली. बाईनं आधी बोर्डापुढं जायचं, कोर्टात नाही. बोर्डानं नाकारलं तर कोर्ट आहेच.

आणि बोर्डाचा शब्द शेवटचा नाही, हेही कोर्टानं सांगून झालंय. जानेवारी २०२३ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांच्या खंडपीठापुढं तेहतीस आठवड्यांच्या आसपासची एक गरोदर महिला आली. तिच्या बाळाचं डोकं खूप लहान होतं आणि मेंदूवर नेहमीच्या घड्या पडलेल्या नव्हत्या. बोर्डानं दोष मान्य केला, पण आता उशीर झाला म्हणून नकार दिला. न्यायालयानं परवानगी दिली आणि सांगितलं की दोष गंभीर आहे हे एकदा ठरल्यावर निर्णय त्या बाईचा आहे, बोर्डाचा नाही. त्या बाईला दोष कळला होता तो डिसेंबरच्या शेवटी. पाचव्या महिन्यात कळला असता तर कोर्ट, वकील, तारीख यातलं काहीच लागलं नसतं.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगायला पाहिजे. सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्यानं फक्त तिची सही लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही. याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. तिला बाळ ठेवायचं असेल तर रिपोर्टकडं बोट दाखवून तिच्यावर कोणी बळजबरी करू शकत नाही. पूल नसलेलं बाळ ठेवणाऱ्या आया आहेत, आणि दहापैकी सातचा हिशेब बघता त्यांना वेडं म्हणायचं काही कारण नाही. आणि तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. छोट्या गावात याची फार गरज असते.

'वर' म्हणजे कुठं

पहिली जागा यवतमाळचं मेडिकल, म्हणजे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. बोर्डाची चौकशीही तिथंच करायची. पण जिल्हा लांबच लांब पसरलेला आहे. वणी, झरी किंवा उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या घरात जातं. वणीकर चंद्रपूरला पळतात, उमरखेड-महागावचे नांदेडला, नेर-दारव्ह्याचे अमरावतीला. पुसदमध्ये खासगी दवाखान्यांची रांग आहे. सेवाग्राम आणि सावंगीला जाणारेही पुष्कळ. जा, कुठंही जा, पण तीन ठिकाणी तीन पहिल्या सोनोग्राफी करू नका. एकच दुसरी सोनोग्राफी करा, जो गर्भातले दोष पाहण्यात मुरलेला आहे त्याच्याकडं. गर्भाच्या मेंदूचा एमआरआय लागला तर तो सगळीकडं होत नाही आणि तो वाचणारा डॉक्टर त्याहून दुर्मीळ. त्यासाठी बहुतेकांना नागपूर गाठावं लागतं, मेडिकल किंवा मिहानमधलं एम्स. गर्भजलाची तपासणी सांगितली तर घाबरू नका, ती गुणसूत्रं पाहण्यासाठी असते. तिचा निकाल यायला दिवस लागतात, म्हणूनही अठराव्या आठवड्याची घाई.

जाताना सगळे जुने रिपोर्ट, पहिल्या सोनोग्राफीचा कागद, माता-बाल कार्ड आणि आधार जवळ ठेवा. आणि तिथं तीन प्रश्न विचारा. फक्त पूलच नाही की आणखी काही आहे? आज नेमके किती आठवडे आहेत? आता निर्णयासाठी आमच्या हातात किती दिवस आहेत? डॉक्टर गडबडीत असेल तर हे प्रश्न कागदावर लिहून द्या. लाजायचं काय त्यात.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं तर गाडी मोफत आहे. गाडीसाठी १०२. २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची खास तपासणी असते.

ग्रहण, कात्री आणि सून

दोष निघाला की बोट आईकडं जातं. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, रात्री विहिरीवर गेली. यातल्या कशानंही मेंदूचा पूल पडत नाही. आधी सांगितलं तसं पुढच्या मेंदूची विभागणी पाचव्या-सहाव्या आठवड्यात होते. तेव्हा पुष्कळ बायांना आपल्याला दिवस गेलेत हेच माहीत नसतं. कारणं बहुतेक वेळा गुणसूत्रांत किंवा जनुकांत असतात, आणि त्यात बापाचा वाटाही असतो, हे बाप लोकांनी ध्यानात घ्यावं. आटोक्यात नसलेली साखर, गरोदरपणातली दारू, काही विषाणूंची लागण यांचाही वाटा असू शकतो. ज्या बाईला आधीपासून मधुमेह आहे तिनं दिवस जायच्या आधीच साखर आटोक्यात आणावी, हे खरं उपयोगी काम. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यावीच, पण ती पाठीच्या कण्याचे आणि कवटीचे दोष टाळते. तिनं हा पूलही हमखास बांधला जाईल असं नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही. आपल्याकडं सिकलसेलचं कार्ड पाहून लग्न जमवायला लोक शिकले. तसंच पुढच्या बाळंतपणाच्या आधी डॉक्टरशी बोलायला शिकता येईल.

लेकरू जन्मल्यावर

ज्यांनी बाळ ठेवलं, किंवा ज्यांना उशिरा कळलं, त्यांच्यासाठी सोनोग्राफीचा कागद फेकून न देणं महत्त्वाचं. बाळंतपण दवाखान्यातच, आणि जमलं तर जिथं बालरोगतज्ज्ञ हजर असतो तिथं. नंतर दूध नीट ओढतं का, मान कधी धरतं, नजर फिरवतं का, अंगाला झटके येतात का, इकडं लक्ष ठेवायचं. अंगणवाडी आणि शाळेत मुलं तपासायला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला रिपोर्ट दाखवा. तेच पुढं जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, जिथं व्यायाम, बोलण्याची थेरपी वगैरे होते. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे जितकं लवकर सुरू होईल तितकं मेंदू वळसा घालायला लवकर शिकतो. अपंगत्व आलंच तर प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून ठेवा, पुढच्या सगळ्या योजना त्यावर चालतात.

राहता राहिला आपल्या तालुक्याचा प्रश्न, आणि तो आजाराइतकाच गंभीर आहे. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं मशीन आहे का? असेल तर ते चालवणारा डॉक्टर कोणत्या वारी येतो? पाचव्या महिन्याची तपासणी तो स्वतः करतो की नुसते ठोके पाहून कार्डावर शिक्का मारतो? त्याला शंका आली तर बाईला कोणाच्या नावानं चिठ्ठी देऊन कुठं पाठवतो? हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात, रुग्ण कल्याण समितीलाही लेखी विचारता येतात. पुढची वेचणी सुरू व्हायच्या आधी विचारले तर बरं. नोव्हेंबरमध्ये ज्यांना अठरावा आठवडा लागतो त्या बायांची नावं आशाताईच्या वहीत ऑक्टोबरमध्येच लिहिलेली असतात.